उजवीकडे नानी

कळसाडीहून निघताना माझ्या मायने गाडीचं दार तीन वेळा उघडायला लावलं. पहिल्यांदा डिंकाच्या लाडवांचा डबा राहिला म्हणून. दुसऱ्यांदा लेकराच्या गालाला काजळाची तीट लावायची राहिली म्हणून. तिसऱ्यांदा काहीच राहिलं नव्हतं, तरी. तेव्हा तिने नुसता आत हात घातला, माझ्या मांडीवर झोपलेल्या तीन महिन्यांच्या पोराच्या डोक्याखाली तळवा सरकवला आणि अंगठा कानामागून वर, वरून मागे असा हळूच गोल फिरवला. "बस. आते जा," म्हणाली, म्हणजे आता जा. आबा, म्हणजे माझे वडील, पपईची गाडी भरायची आहे असं सांगून कधीच वावरात पळाले होते. त्यांना निरोप देता येत नाही, हा त्यांचा जुना आजार.

गाडी माझा नवरा योगेश चालवत होता. सारंगखेड्याच्या पुलावर मी त्याला वेग कमी करायला लावला आणि तापीत पोराच्या नावाने रुपया टाकला, कारण मायने बजावलं होतं, "नदी वलांडतांना पैसा टाकजो." रुपया पाण्यात पडला की कठड्यावर, ते दिसलं नाही. मग मी जी रडायला लागले ती दोंडाईचा येईपर्यंत. लग्न होऊन निघताना इतकी रडले नव्हते. तेव्हा एकटीच जात होते, या वेळी मायच्या हातातलं लेकरू उचलून नेत होते.

हे सगळं लिहायचं कारण तुम्हीच आहात. कळसाडीतल्या काकू-वहिन्यांनो, आणि माझ्यासारखं पुणं, सुरत, नाशिक गाठलेल्या पोरींनो, गावच्या ग्रुपवर माझ्या पोराचा लाल हेल्मेटातला फोटो फिरला आणि त्या दिवसापासून मला किती फोन आले! कोणाला वाटलं पडला, कोणाला वाटलं ऑपरेशन झालं. एका काकांनी तर विचारलं, "पोऱ्याले आतेपासून फटफटीवर बसाडतस का?" एकेकाला सांगून तोंड दुखलं. आता एकदाच सगळं लिहिते, आणि मजा घेत लिहिते, कारण शेवट काय झाला ते मला माहीत आहे.

आधी मायच्या हाताबद्दल सांगायला हवं. माझी माय सुईण नाही, नर्स तर नाहीच. ऊस-पपईच्या घरातली सातवी शिकलेली बाई. पण आमच्या गल्लीत बाळ जन्मलं की लोक तेल कोमट करून तिची वाट बघतात. ती येते, तेलाचा थेंब आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघते, मग पाय पसरून त्यावर बाळ घेते आणि डोकं घडवायला बसते. दाबत नाही हं. नुसता तळव्याचा खोलगा करून त्यात डोकं फिरवते. मग बाळाला राईच्या उशीवर निजवायचं. पातळ सुती कापडाच्या पिशवीत मोहरी भरलेली ती उशी डोक्याच्या आकाराप्रमाणे खोल होते. अशी तिने तीस वर्षांत किती डोकी घडवली असतील देव जाणे. ग्रामसभेत सरपंच बोलायला उभे राहिले की माय मला कोपराने ढोसायची आणि हळूच म्हणायची, "हाई डोकं मन्हं शे," म्हणजे हे डोकं माझ्या हातचं. नवरदेव वरातीत निघाला की फेट्याकडे बघून, "मन्हं शे." दहावीत पहिल्या आलेल्या मुलीचा सत्कार झाला, तेव्हाही, "मन्हं शे." मुलीने अभ्यास केला, त्याचं काही नाही!

तर माझ्या पोराचं डोकंही तिचंच. नाव ईशान, पण तिने पहिल्या दिवसापासून त्याला बापू म्हटलं आणि आता आम्हीही बापूच म्हणतो. निघताना डोकं असं होतं की लिंबू बघावं.

पुण्यात आमचं घर मोशीला, सातव्या मजल्यावर. योगेश सकाळी चाकणला कंपनीत गेला की घरात मी, बापू आणि लिफ्टचा आवाज. माहेरी तीन महिने माझ्याभोवती इतकी माणसं होती की मला स्वतःचं लेकरू हातात मिळायला रांग लावावी लागे. इथे दिवसभर दार वाजत नव्हतं. पहिल्याच आठवड्यात मी मायला व्हिडिओ कॉल लावला आणि खरं सांगते, तो पुढचे तीन महिने बंदच केला नाही. तिने तिकडे फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेवायचा, मी इकडे बापूच्या पाळण्याच्या कठड्याला फोन पकडणारा चिमटा लावला. ती मेथी निवडायची, कळण्याच्या भाकरी थापायची, शेजारणीशी भांडायची, आणि मध्ये मध्ये, "बापू, काय करी ऱ्हायना रे?" बापू खुदकन हसायचा. मी तोवर अंघोळ करून घ्यायची, कुकर लावायची, कधी कधी निवांत पडायची सुद्धा. लहान बाळाला स्क्रीन दाखवू नये, हे मलाही माहीत आहे. पण ती स्क्रीन नव्हती, माझी माय होती. असं मी तेव्हा स्वतःला सांगत होते.

राईची उशी मात्र इथल्या बालरोगतज्ज्ञांनी पहिल्याच भेटीत बंद केली. झोपताना बाळाजवळ उशी नको, सपाट गादी, पाठीवर झोपवायचं. कारणही नीट समजावलं, मला पटलं, आणि मी उशी कपाटात ठेवली. मायला सांगितलं नाही. तुम्हीही सांगितलं नसतं.

बापू पाच महिन्यांचा होता. एका सकाळी त्याला न्हाऊ घालताना मी वरून बघितलं. ओल्या डोक्याला मागून उजवीकडे चपटा भाग होता. नीट सपाट, जसा हाताने थापलेला. उजवा कान डाव्यापेक्षा पुढे आलेला. त्या भागावरचे केसही घासून गेलेले. मी तशीच साबणाच्या हाताने योगेशला फोन केला आणि ओरडले, "आपल्या पोराचं डोकं वाकडं झालंय!" तो मीटिंगमध्ये होता. ते सगळ्या मीटिंगने ऐकलं.

डॉक्टरांनी तपासलं. हाडांच्या जोडात काही दोष नाही, मेंदूला काही नाही, एकाच बाजूवर भार पडून झालंय, असं ते म्हणाले तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. त्याला एक लांबलचक इंग्रजी नाव आहे, ते मला अजूनही एका दमात म्हणता येत नाही. महिनाभर आधी साधे उपाय करा, म्हणाले. जागेपणी पोटावर ठेवायचं, कडेवर घ्यायचं, मान दुसरीकडे वळवायची. केलं. थोडा फरक पडला, पुरेसा नाही. मग त्यांनी हेल्मेट बनवणाऱ्या मॅडमकडे पाठवलं आणि एक गोष्ट स्पष्ट सांगितली: डोकं झपाट्याने वाढतंय तोवरच याचा उपयोग. सहा महिने झालेत, विचार करायचा तो आता करा, दिवाळीनंतर करू म्हणून चालणार नाही.

मॅडम म्हणजे माझ्यापेक्षा लहान पोरगी, केसांचा उंच बुचडा बांधलेली. तिने बापूची मान इकडून तिकडे वळवून बघितली आणि विचारलं, "हा झोपल्या झोपल्या नेहमी उजवीकडेच बघतो का?"

"हो."

"तिकडे काय आहे? खिडकी? टीव्ही?"

मी म्हणाले, "तिकडे माझी आई आहे."

"मग त्यांना सांगा ना, थोडे दिवस डावीकडे बसा."

"ती कळसाडीला असते. नंदुरबार जिल्ह्यात."

मग मी सगळं सांगितलं. पाळण्याची डावी बाजू भिंतीला. खोलीत प्लगचा एकच पॉइंट, तो उजव्या भिंतीवर. फोनची बॅटरी संपू नये म्हणून फोन कायम तिथेच. म्हणजे रोजचे कितीतरी तास माझं लेकरू मान उजवीकडे टाकून आपल्या नानीला बघत होतं. सांगता सांगता मलाच ते कळलं. त्या वेळी हसावं की रडावं तेच समजेना, म्हणून मी दोन्ही केलं.

घरी आले ती ठरवून, की मायला हे कधीच सांगायचं नाही. हेल्मेटचं सांगू, फोनचं नाही. पण माझा राग तुम्हाला माहीत आहे, नाकाच्या शेंड्यावर बसलेला असतो. हेल्मेट म्हटल्याबरोबर माय भडकली. "मन्हा हातनं डोकं शे ते! त्याले प्लास्टिकमा घालतीस? लोक काय म्हनतीन? गोल लिंबू दिधं व्हतं तुले." मग तिने उशीबद्दल विचारलं आणि मी खरं सांगितलं. झालं! "मन्ही उशी काढी फेकी, म्हनीसन व्हयनं हाई!" एकदा म्हणाली, दोनदा म्हणाली, तिसऱ्यांदा म्हणाली आणि माझं डोकं फिरलं. पुण्यात मी दिवसभर शाळेतली मराठी बोलते, पण भांडणात मला अहिराणीच येते. मी ओरडले, "उशीनं नही व्हयनं, तुन्हा फोननं व्हयनं! दिनभर तुन्हाकडे देखी देखी पोऱ्यानं डोकं चपटं व्हई गयं!"

फोनवर मायचा चेहरा दिसत होता. पीठ लागलेला हात पुढे आला आणि कॉल बंद झाला.

तीन दिवस तिने फोन उचलला नाही. आबा उचलायचे. "ती वावरमा गई." संध्याकाळी केला, "ती झोपनी." सातच्या सुमारास माझी माय झोपली, हे मी जन्मात ऐकलं नव्हतं. आणि इकडे बापू पाळण्यात पडल्या पडल्या उजवीकडे वळून त्या रिकाम्या चिमट्याकडे बघायचा, आवाज काढायचा, थांबायचा, परत आवाज काढायचा. मला तिथे उभं राहवत नव्हतं. मी किती वाईट बोलले होते! आयुष्यभर दुसऱ्यांच्या लेकरांची डोकी घडवलेल्या बाईला मी म्हटलं होतं, की तुझ्याच नातवाचं डोकं तू बिघडवलंस.

चौथ्या दिवशी आबांना सगळं खरं सांगितलं. पपईतला माणूस तो, त्यांना कोणी समजावायची गरजच पडली नाही. म्हणाले, "पपई एकच कुसवर ठेवी तर दबस. त्यामा पपईना काय दोष, नि ठेवनाराना बी काय दोष? फिरावत ऱ्हावानं." आणि मग सहज, जसं काही बाजाराला जायचं सांगावं तसं, "तुन्ही माय सकायनी गाडीमा बठी गई. शहादाथीन. एकली. उतारी लेजो."

एकटी! माझी माय कधी नाशिकला एकटी गेली नव्हती. धुळ्याला दवाखान्यात जायचं तरी चार माणसं सोबत लागायची. मी योगेशला कंपनीतून पळवलं. संध्याकाळी तो तिला घेऊन आला तेव्हा तिच्या एका हातात पपया बांधलेली गोणी आणि दुसऱ्या हातात पिशवी. ती मला भेटली नाही, पाणी घेतलं नाही, सरळ आतल्या खोलीत गेली आणि म्हणाली, "कोनती बाजू?"

मी दाखवलं. तिने पाळणा दोन्ही हातांनी धरून भिंतीपासून ओढला आणि भिंत नि पाळण्यामधल्या त्या चिंचोळ्या जागेत फतकल मारून बसली. डावीकडे. "बापू," तिने हाक मारली.

बापूने आवाज ऐकला आणि झटकन मान उजवीकडे फिरवली. चिमट्याकडे. तिथे नानी नव्हती.

"बापू, आठे देख. नानी आठे शे."

परत उजवीकडेच बघितलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज तसाच ठेवला तिने, भाकरी थापताना असतो तसा. तिसऱ्या हाकेला बापू थांबला. कपाळाला आठ्या घालून विचार केल्यासारखा पडून राहिला. आणि मग त्याची मान हळूहळू डावीकडे आली, इतकी, की मॅडमलाही कधी तेवढी वळवता आली नव्हती. समोर नानी! खरी, अख्खी, तेलाच्या वासाची नानी! तो असा काही खिदळला की योगेश स्वयंपाकघरातून धावत आला. मायने त्याला उचलून छातीशी धरलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "भूक लागनी. काय रांधेल शे?" आमचं भांडण तिथे संपलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघं हेल्मेट निवडायला गेलो, आणि तो दिवस मला सणासारखा आठवतो. बापूच्या डोक्याला पायमोज्यासारखी घट्ट जाळीची टोपी चढवली. मॅडमने एक छोटा कॅमेरा डोक्याभोवती फिरवला आणि समोर संगणकावर माझ्या लेकराचं डोकं उमटलं! वरून, मागून, खालून, हवं तसं फिरवता येणारं. चपटा भाग निळा, फुगीर भाग लाल. माय खुर्चीवरून उठून पडद्याला नाक लावून उभी राहिली. आधी हाताची घडी घातलेली, तोंड वाकडं. हळूहळू घडी सुटली. तिने मला विचारलं आणि मी मॅडमला मराठीत विचारलं, "हे हेल्मेट फुगलेली बाजू दाबतं का?"

"नाही काकू," मॅडम म्हणाली, "दाबायचं नाहीच. फुगीर बाजूला नुसतं टेकतं, आणि चपट्या बाजूला आत मोकळी जागा ठेवतो. डोकं आपोआप त्या जागेत वाढतं."

मायने हे ऐकलं आणि टेबलावर थाप मारली. "मंग हाई तं राईनी उशीच शे! खोय करी ठेवानी, डोकं बठस." मग स्वतःच्या तळव्याचा खोलगा करून मॅडमला दाखवला. "मन्हा हात बी हाईच करस." मॅडमने विचारलं, काय म्हणाल्या? मी सांगितलं, ती म्हणतेय तुम्ही दोघी एकच काम करता. मॅडम म्हणाली, "खरंच की. फक्त काकू, याला दिवसाचे तेवीस तास घालावं लागतं." माय म्हणाली, "तेवीस तास मन्हा हात दुखी जातीन. घे माय, तूच घे." इतकं हसलो आम्ही!

पुढ्यात दोन नमुने होते. एक पांढरं, जाड, आतून गुबगुबीत फोम असलेलं, दिसायला मऊ. मला तेच आवडलं. दुसरं पातळ, टणक, सगळीकडे भोकं पाडलेलं, मला ते चाळणीसारखं वाटलं. मायने दोन्ही हातात घेऊन वजन बघितलं. मग मनगट उलटं केलं आणि जिथे तेलाचा थेंब लावून बघते त्या कातडीवर एकेकाची कड घासली. पांढरं आपल्या गुडघ्यावर घालून पदराने झाकून बसली. पाच मिनिटांनी काढलं, गुडघा पुसला, आणि मला दाखवला. घाम. "चेतननं लगन मे महिनामा शे," म्हणाली. "कळसाडीमा मे महिना म्हंजे काय, तू इसरी गई का?" चेतन माझा धाकटा भाऊ, त्याचं लग्न गावी होतं. भर उन्हाळ्यात, मांडवात, ढोल-ताशात पोर तिथे असणार. पुण्यात पाच वर्षं राहून मी माझ्या गावाचं ऊन विसरले होते. मॅडमनेही मान डोलावली. चाळणीवालं ठरलं.

मग रंग! मला वाटलं होतं पांढरा नाहीतर निळा, संपलं. तिथे तर पुस्तकच होतं. ग्रह-तारे, विमानं, वाघाचे पट्टे, हत्ती. योगेशला विमानं हवी होती. मी पानं उलटत गेले आणि एका लाल रंगावर बोट थांबलं. चकचकीत नाही, वाळत आलेल्या मिरचीचा लाल. नंदुरबारच्या बाहेर मिरचीच्या पथाऱ्या पसरलेल्या असतात, बस तिथून गेली की अख्खी बस शिंकते, तो लाल. "हाच," मी म्हणाले. योगेश म्हणाला, बाळाला एवढा भडक? माय म्हणाली, "पथारीमा ठेवं तर पोऱ्या सापडाव नही!" पण तिला तो आवडला होता, मला कळलं. विमानं हरली.

हेल्मेट आलं. पहिले चार दिवस वाईट गेले, ते लपवत नाही. बापू किरकिरला, मानेला घाम, काढलं की आंबूस वास, एके ठिकाणी लाली आली म्हणून परत जाऊन कड घासून आणली. पाचव्या दिवसापासून मात्र साहेब ते घालून सोफ्याला डोक्याने धडका मारायला लागले. दिवसाचा एक तास मोकळा. त्या तासात न्हाणं, हेल्मेट धुणं-पुसणं, आणि मायचा हात. महिनाभर ती राहिली. जाताना तिने योगेशकडून लांब वायरचा बोर्ड आणवला, पाळण्याच्या डाव्या कठड्याला स्वतः चिमटा लावला, आणि कळसाडीहून पहिला फोन आला तेव्हा आधी विचारलं, "कोनती बाजूले शे मी?"

लग्नातला गोंधळ तुम्ही पाहिलाच. मला वाटलं होतं माय हेल्मेटवर टोपडं घालून लपवेल. छे! तिने बापूला कडेवर घेऊन पूर्ण मांडव फिरवला. हळद लागली त्या हेल्मेटाला, कुंकू लागलं, कोणीतरी तांदूळ भोकांतून आत घातले. "डोकाले काय व्हयनं वं?" कोणी विचारलं की माय पाच मिनिटं थांबून सगळं सांगायची, कॅमेरा, निळा रंग, लाल रंग, मोकळी जागा. फोनचंही सांगायची. "मन्हाकडे देखी देखी व्हयनं," असं, न लपवता. आणि मग गल्लीतल्या प्रत्येक नव्या बाळंतिणीला, "पोरले कुस बदलत ऱ्हाय. नि फोन एकच बाजूले ठेवू नको." त्या दिवशी तिच्याबद्दल मला जो अभिमान वाटला, तो मी तिला अजून बोलून दाखवलेला नाही. इथे लिहिते, कोणीतरी वाचून दाखवा.

भादव्याच्या तोंडावर हेल्मेट सुटलं. मॅडमने पहिलं चित्र आणि शेवटचं चित्र शेजारी लावली. मी किंचाळलेच! कान एका रेषेत, डोकं गोल. "अगदी शंभर टक्के नाही," ती म्हणाली, "उजवीकडे किंचित राहिलंय. केसांत कोणाला दिसणार नाही."

केसांत! आणि आमचं तर जाऊळ काढायचं होतं. मायने बापूच्या जन्माआधीच बोललेला नवस, अकराव्या महिन्यात, कळसाडीच्या मारुतीसमोर. म्हणजे सगळ्या गावापुढे डोकं भादरायचं, एक केस लपवायला उरणार नाही. लोक मला काही म्हणोत, पण तिच्या हाताला कोणी नाव ठेवलं असतं तर मी तिथेच भांडले असते.

देवळाबाहेर ओटा धुतलेला, समोर कपाशी कमरेएवढी. बापू चेतनच्या, म्हणजे मामाच्या मांडीवर. वस्तरा फिरायला लागला, काळ्या बटा मामीच्या ओच्यात पडायला लागल्या आणि ऊन पडलेलं ते डोकं उघडं झालं. गोल! सुरेख! बायका पुढे सरकल्या. समोरच्या गल्लीतल्या जिजाकाकूने सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "हाई डोकं कोन्हं शे वं?"

गल्लीला उत्तर पाठ होतं. मीही वाट बघत होते.

मायने तेलाचा थेंब मनगटाला लावून बघितला, तळवा बापूच्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाली, "आर्धं मन्हं शे. आर्धं पुनानी त्या पोरनं." मग तिचा हात मागून उजवीकडे गेला आणि थांबला. ते किंचित राहिलेलं तिच्या तळव्याला बरोबर सापडलं होतं. ती थोडा वेळ तिथेच हात ठेवून बसली. मग माझ्याकडे बघून, फक्त मला ऐकू येईल असं बोलली, "नि हाई इतलं, बठ्ठं मन्हं." हे एवढं मात्र सगळं तिचं.

आम्ही परत मोशीला आलो. केस परत आलेत, दाट, कोणाला काही दिसत नाही. कोणी विचारलं की मी अजून कळसाडीची आणि राहते पुण्यात, असंच सांगते, दुसरं काय सांगणार? पण रोज सकाळी बापूला न्हाऊ घालताना साबणाचा हात मागे उजवीकडे गेला की तळव्याखाली ती सपाट जागा लागते, रुपयाएवढी. तिथे माझा हात आपसूक थांबतो, आणि मी घरी पोचलेली असते.